भंगाराचे गोदाम, परवाने आणि वही : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच व्यवसायाविषयी आहेत. तो व्यवसाय भंगाराचा, ज्याला आपल्या भागातील कन्नड बोलणारी मंडळी ‘गुजरी’ म्हणतात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील आणि पलीकडे कोल्हापूरच्या शिरोली व गोकुळ शिरगाव येथील फौंड्र्यांना (धातू ओतणाऱ्या कारखान्यांना) बीड (ओतीव लोखंड) आणि लोखंडाची मोड सतत लागते, त्यामुळे बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात हा धंदा अनेक घरांना पोसतो. मात्र कर्नाटक आणि महाराष्ट्र यांची हद्द मधून जात असल्याने इथल्या व्यापाऱ्याला कर, पोलीस आणि भाषा या तिन्ही बाबतींत इतरांपेक्षा अधिक सावध राहावे लागते. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आयटीआय झाल्यावर मी सहा वर्षे उद्यमबागेतील एका मशीन शॉपमध्ये काम केले. आता वडिलांच्या शेताच्या कडेला, रस्त्यालगतच्या दोन गुंठ्यांत भंगाराचे गोदाम सुरू करण्याचा विचार आहे. काही जण सांगतात, जीएसटी नंबर काढला की झाले. नेमके काय काय करावे लागेल?
(बेळगाव तालुक्यातील एक वाचक)

उत्तर : आपण जीएसटीचे विचारले आहे (त्याविषयी पुढे निपाणीच्या पत्राच्या उत्तरात लिहिले आहे), पण माझे लक्ष आपल्या पत्रातील ‘वडिलांच्या शेताच्या कडेला’ या शब्दांपाशीच अडले. उताऱ्यावर ती जमीन शेतजमीन म्हणून नोंदलेली असेल, तर कर्नाटक जमीन महसूल कायदा, १९६४ च्या कलम ९५ नुसार ती बिगरशेती करून घेतल्याशिवाय तिच्यावर गोदाम चालवता येत नाही. अनेक तरुण आधी पत्र्याची शेड उभारतात, काटा आणतात, माल भरतात आणि मग परवान्यासाठी अर्ज करतात. तेव्हा जागेचाच कागद नसल्याने पुढचे सर्व अर्ज अडून राहतात आणि शेडवर घातलेले पैसेही अडकतात. म्हणून पहिला अर्ज जमिनीचा करावा. ते शक्य नसेल, तर व्यापारी वापराची नोंद असलेली जागा रीतसर भाडेकराराने घ्यावी.

त्यानंतर व्यवसाय परवाना, म्हणजे ज्याला कन्नडमध्ये ‘उद्दिमे परवानगी’ म्हणतात तो. जागा शहराच्या हद्दीत असेल तर तो महानगरपालिकेकडून, कर्नाटक महानगरपालिका अधिनियम, १९७६ खाली मिळतो. लहान शहरांत नगरपालिका किंवा पट्टण पंचायत आणि खेड्यात ग्रामपंचायत तो देते. अलीकडे शहरालगतच्या काही गावांचा दर्जा बदलला आहे. आपले गाव आज कोणत्या संस्थेच्या हद्दीत आहे, हे कर भरल्याची ताजी पावती पाहून निश्चित करावे, कारण चुकीच्या कार्यालयाने दिलेला परवाना अडचणीच्या वेळी उपयोगी पडत नाही. हा परवाना मुदतीचा असतो आणि तो वेळेवर नव्याने करून घ्यावा लागतो.

दुकाने व व्यापारी आस्थापना कायदा, १९६१ खालील नोंदणी व्यवसाय सुरू केल्यापासून तीस दिवसांत करायची असते. व्यवसाय कर वेगळा आहे. त्याची कमाल मर्यादा राज्यघटनेनेच वर्षाला २,५०० रुपये ठरवली आहे. केंद्र सरकारची ‘उद्यम’ नोंदणी पूर्णपणे मोफत असून २ जुलै २०२१ पासून घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांनाही ती करता येते. बँकेच्या कर्जासाठी तिचा उपयोग होतो. तिच्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत.

आता काटा. आपल्या धंद्याची प्रतिष्ठा त्यावरच उभी आहे. वैध मापन शास्त्र कायदा, २००९ नुसार इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी करून त्यावर शिक्का घ्यावा लागतो. साध्या तराजूसाठी आणि वजनांसाठी ही मुदत दोन वर्षांची आहे. पडताळणीचे प्रमाणपत्र काट्याजवळ, माल विकायला आलेल्या माणसाला दिसेल असे लावावे. डोक्यावर पोते घेऊन आलेल्या बाईला प्रमाणपत्र वाचता येईलच असे नाही, पण काट्यावरील आकडा तिला दिसला पाहिजे. काट्याचे तोंड भिंतीकडे वळवलेले मी अनेक गोदामांत पाहिले आहे आणि ते पाहून दर वेळी वाईट वाटले आहे.

कामगारांबाबत एकच गोष्ट ठामपणे सांगतो. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे हा गुन्हा आहे. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोकादायक कामावर ठेवणेही कायद्याने मना आहे, तेव्हा गॅस कटर चालवणे, बॅटरी फोडणे यांसारखी कामे त्यांच्या हाती कधीही देऊ नयेत. ‘शिकायला आला आहे’ हे उत्तर कामगार निरीक्षकापुढे चालत नाही.

केवळ माल गोळा करून, वेगळा करून विकणे आणि तो वितळवणे यांत कायदा मोठा फरक करतो. भट्टी घालायची असेल, तर १९७४ चा जल प्रदूषण कायदा आणि १९८१ चा वायू प्रदूषण कायदा यांखाली राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आधी घ्यावी लागते. भट्टी नसली तरी तांब्यासाठी वायर उघड्यावर जाळू नये. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर बंदी घातली असून साध्या प्रकरणात ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपयांचा दंड ठरवला आहे. वायर सोलण्याचे लहान यंत्र घेतले तर धूर होत नाही आणि न जळलेल्या तांब्याला भावही चांगला मिळतो.

प्रश्न : माझे पती गेल्या वर्षी वारले. त्यांचे गोदाम आता मी आणि माझे धाकटे दीर चालवतो. मागील महिन्यात ओळखीच्या फेरीवाल्याकडून आम्ही बावीस किलो तांब्याची तार रोख पैसे देऊन घेतली. आठ दिवसांनी पोलीस आले, तार चोरीची आहे असे सांगून घेऊन गेले आणि दिरांना चौकशीला बोलावले. पैसे मोजून माल घेतला, तर आम्ही गुन्हेगार कसे? आमच्याकडे परवाना आहे, त्याचा काही उपयोग होणार नाही का?
(खानापूर तालुक्यातील एक भगिनी)

उत्तर : ताई, आपले पत्र वाचून काळजी वाटली, म्हणून या उत्तराला थोडी अधिक जागा देत आहे. ज्यांच्यावर अशी वेळ अद्याप आलेली नाही, त्यांनीही ते वाचावे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये चोरीच्या मालाविषयीची तरतूद आहे. माल चोरीचा आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना, जो तो अप्रामाणिकपणे घेतो किंवा ठेवून घेतो, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. असा माल नेहमी घेण्याचा धंदाच कोणी करत असेल, तर शिक्षा दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपेपर्यंत जाते. पैसे मोजले होते की नाही, हा या कलमाचा कळीचा प्रश्नच नव्हे. प्रश्न आहे तो ‘मानण्यास कारण’ होते का, हा. बाजारभावाच्या निम्म्या दराने मिळालेली तार, रात्री उशिरा आलेला टेम्पो, खुणा घासून काढलेले यंत्राचे भाग, एकाच माणसाकडून आठवड्यात तिसऱ्यांदा येणारी नवीकोरी केबल, या सगळ्यांतून असे कारण निर्माण होते.

याच्या जोडीला भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ११९ आहे. चोरी झाल्यानंतर थोड्याच दिवसांत माल ज्याच्या ताब्यात सापडतो, त्याला तो आपल्याकडे कसा आला हे सांगता आले नाही, तर तो चोर आहे किंवा त्याने जाणूनबुजून चोरीचा माल घेतला आहे असे न्यायालय गृहीत धरू शकते. या वाक्यातील ‘कसा आला हे सांगता आले नाही’ हा भाग भंगार व्यापाऱ्याने मनात पक्का ठेवावा. परवान्याने एवढेच सिद्ध होते की आपल्याला दुकान चालवण्याची परवानगी आहे. बावीस किलो तार कोणी, केव्हा, कशातून आणली, हे परवाना सांगत नाही. ते सांगायला खरेदीची वही लागते.

काही वर्षांपूर्वी हुक्केरी भागातील एका व्यापाऱ्याचे असेच प्रकरण माझ्याकडे आले होते. नदीकाठच्या शेतांतून मोटारींच्या केबली चोरीला जात होत्या आणि त्यांतील काही त्याच्या गोदामात सापडल्या. त्याने माझ्यासमोर दोनशे पानी आखीव वही ठेवली. पानांचे कोपरे काळ्या तेलाने माखून कडक झाले होते आणि अक्षर असे की एकेक ओळ लावायला वेळ लागत होता. पण त्या ओळीत तारीख होती, ‘दुपारी साडेतीन’ असे होते, केबलीचे वजन आणि दर होता, देणाऱ्याचे नाव, गाव, मोबाईल क्रमांक, मोटारसायकलचा नंबर होता आणि शेजारी निळ्या शाईतला अंगठा होता. दर त्या दिवशीच्या इतर नोंदींतल्या दराइतकाच होता. त्या मोबाईल क्रमांकावरून तपास खऱ्या चोरापर्यंत पोहोचला आणि आमचा माणूस त्या खटल्यात साक्षीदार झाला. त्याच्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या दुकानदाराकडे त्याच टोळीचा माल सापडला होता. तोही माझ्या माहितीप्रमाणे सरळ माणूस होता, पण त्याच्याकडे दाखवायला एक ओळही नव्हती आणि जामीन मिळेपर्यंत त्याला कोठडीत राहावे लागले. ती वही मी आजही विसरलेलो नाही.

आता आपल्या प्रकरणाकडे येतो. फेरीवाला ओळखीचा आहे, हे आपल्या बाजूचे आहे. तो केव्हापासून आपल्याकडे येतो, त्या दिवशी त्याच्यासोबत कोण होते, पैसे कोणासमोर दिले, हे आजच कागदावर लिहून तारीख टाकून ठेवावे. गोदामात किंवा शेजारच्या दुकानात कॅमेरा असेल, तर चित्रण पुसले जाण्याआधी मिळवावे. जुनी नोंद मागाहून तयार करण्याचा मोह मात्र टाळावा, कारण खोटा पुरावा तयार करणे हा आणखी एक गुन्हा ठरेल आणि खऱ्या बचावावरचा विश्वासही त्यामुळे जाईल.

दिरांना आलेली नोटीस कोणत्या कलमाखाली आहे ते पाहावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ ची नोटीस साक्षीदाराला येते. कलम ३५(३) ची नोटीस ज्याच्यावर संशय आहे त्याला येते. दोन्हींना हजर राहावे, पण दुसऱ्या प्रकारची असेल तर वकिलाचा सल्ला घेऊनच जावे आणि तिच्यातील अटी पाळाव्यात, कारण त्या पाळणाऱ्याला अटक करायची असल्यास पोलिसांना तशी कारणे लेखी नोंदवावी लागतात. आपल्याला स्वतःला साक्षीसाठी बोलावले, तर कलम १७९ प्रमाणे स्त्रीला पोलीस ठाण्यात जाण्याची सक्ती करता येत नाही. आपला जबाब आपल्या घरीच घ्यावा लागतो. तार जप्त करताना यादी केली असेल, तर तिची प्रत मिळणे हा आपला हक्क आहे. याच संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रण करणेही बंधनकारक आहे. ते झाले होते का, हे वकिलाला आवर्जून सांगावे. वकिलाची फी परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ खाली स्त्रीला उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा बेळगावच्या जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा.

सीमाभागात आणखी एक गोष्ट घडते. चोरी चंदगड किंवा कागल तालुक्यात झालेली असते आणि माल आपल्याकडे सापडतो. अशा वेळी चोरी जिथे झाली तिथल्या आणि माल जिथे घेतला गेला तिथल्या, अशा दोन्ही न्यायालयांत खटला चालू शकतो. महाराष्ट्राचे पोलीस आपल्या दारात आले, तर ‘तुमची हद्द नाही’ म्हणून वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांची ओळखपत्रे पाहावीत, स्थानिक पोलीस ठाण्याला फोनवरून कळवावे आणि यादीची प्रत मागून घ्यावी.

आपण विचारले नाही, तरी सांगायला हवे : परवाना आणि जीएसटी नोंदणी अजून पतींच्याच नावावर असेल, तर तो दोष ताबडतोब दुरुस्त करावा. एकट्या मालकाच्या मृत्यूनंतर ही नोंदणी वारसाकडे आपोआप येत नाही. वारसाला आपल्या पॅनवर नवी नोंदणी घेऊन शिल्लक क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची मिळणारी वजावट) ‘आयटीसी-०२’ या फॉर्मने वळते करून घ्यावे लागते आणि जुनी नोंदणी रद्द करावी लागते. मृत माणसाच्या नावाने बिले फाडली जात आहेत ही गोष्ट पोलीस तपासात पुढे आली, तर निष्कारण संशय वाढेल.

प्रश्न : माझे निपाणीत भंगाराचे दुकान आहे. उलाढाल वर्षाला सुमारे पंचवीस लाख. माल फेरीवाल्यांकडून घेतो आणि कोल्हापूरच्या फौंड्रीला देतो. उलाढाल चाळीस लाखांच्या खाली असल्याने जीएसटी लागत नाही असे मला सांगण्यात आले होते. आता फौंड्रीचा हिशेबनीस म्हणतो की नियम बदलले आहेत. खरे काय?
(निपाणीचे एक व्यापारी)

उत्तर : आपल्याला सांगितलेली गोष्ट बेळगावात माल घेऊन बेळगावातच विकणाऱ्याला लागू पडते, आपल्याला नाही. कर्नाटकात मालाच्या व्यापारासाठी नोंदणीची मर्यादा ४० लाख रुपये आहे हे खरे, परंतु ती राज्याच्या आत विक्री करणाऱ्यासाठी. माल दुसऱ्या राज्यात विकणाऱ्याला केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम २४ प्रमाणे पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची आहे. कोगनोळीचा नाका ओलांडून आपला टेम्पो कागलमध्ये शिरतो, तेव्हा विक्री आंतरराज्य होते, मग अंतर वीस किलोमीटरचे असो की दोनशेचे. नोंदणी विनाविलंब करावी आणि मागील विक्रीचे काय करायचे ते कर सल्लागारासोबत बसून ठरवावे. जितका उशीर, तितके व्याज.

हिशेबनीसांनी सांगितलेला बदल १० ऑक्टोबर २०२४ पासूनचा आहे. धातूच्या भंगारासाठी, म्हणजे शुल्कसूचीतील प्रकरण ७२ ते ८१ मधील मोडीसाठी (लोखंड व बीड ७२०४, तांबे व पितळ ७४०४, अ‍ॅल्युमिनियम म्हणजे आपले जर्मन ७६०२), त्या दिवसापासून नवी पद्धत आली. नोंदणी नसलेल्याकडून नोंदणीकृत व्यापाऱ्याने असा माल घेतला, तर कर विकणाऱ्याने नव्हे, घेणाऱ्याने भरायचा. यालाच रिव्हर्स चार्ज म्हणतात.

समजा, आपण नोंदणी केली आणि एका महिन्यात फेरीवाल्यांकडून एक लाखाचे लोखंड घेतले. १८ टक्के दराने १८,००० रुपये आपण स्वतः सरकारला भरायचे. ही रक्कम क्रेडिटमधून वळती करता येत नाही, कॅश लेजरमध्ये (जीएसटी पोर्टलवरील आपल्या रोख खात्यात) पैसे टाकूनच भरावी लागते. भरल्यावर तेवढेच क्रेडिट आपल्याला मिळते. तोच माल फौंड्रीला १,१०,००० रुपयांना विकला, तर बिलावर १९,८०० रुपये आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीवरील जीएसटी) लागेल. त्यातून १८,००० चे क्रेडिट वजा जाऊन १,८०० रुपये भरायचे राहतील. शेवटी हा सगळा कर फौंड्रीकडून वसूल होतो, आपल्या खिशातून काही जात नाही. पण फौंड्रीचे पैसे पंचेचाळीस दिवसांनी येत असतील आणि कर पुढच्या महिन्याच्या विसाव्या तारखेला भरायचा असेल, तर मधल्या काळासाठी ही रक्कम हाताशी लागते. अनेक लहान व्यापारी इथेच अडखळतात. मला विचाराल तर दर खरेदीच्या दिवशीच तिच्या रकमेचे अठरा टक्के काढून वेगळ्या खात्यात टाकण्याची सवय लावावी.

अशा खरेदीसाठी बिल फेरीवाला देत नसतो, म्हणून ते आपणच आपल्या नावे तयार करायचे असते आणि त्यासाठी माल मिळाल्यापासून तीस दिवसांची मुदत आहे. वर ज्या वहीविषयी लिहिले, तिच्यातल्या नोंदी इथेही कामी येतात, कारण हे बिल तिच्यावरूनच भरायचे. फेरीवाला घराघरांतून माल गोळा करून विकतो तेव्हा तो त्याचा व्यवसाय असतो. एखादी गृहिणी आपली फुटकी बादली थेट आपल्याला विकते, ती मात्र व्यापार करत नसते, म्हणून तिच्याकडच्या खरेदीला हा रिव्हर्स चार्ज लागू होत नाही. जुलै २०१७ मध्ये जुने दागिने विकणाऱ्या सामान्य माणसाबाबत केंद्र सरकारने याच तत्त्वावर खुलासा केला होता. म्हणून वहीत घरगुती खरेदी आणि फेरीवाल्याची खरेदी निराळी दाखवावी.

याशिवाय नोंदणीकृत व्यापाऱ्यांमधील धातू-भंगाराच्या व्यवहारात, कराराची रक्कम अडीच लाखांहून जास्त असेल, तर घेणारा २ टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापतो. फौंड्रीने तो कापला म्हणून वाद घालू नये; तिने आपले विवरण भरल्यावर ती रक्कम आपल्या कॅश लेजरमध्ये येते. ती आली की नाही, हे मात्र दर महिन्याला पाहावे. कंपोझिशन योजना (उलाढालीवर कमी, ठरावीक दराने कर भरण्याची सोय) स्वस्त वाटते, पण ती घेतल्यास दुसऱ्या राज्यात विक्रीच करता येत नाही, तेव्हा ती आपल्या उपयोगाची नाही.

पन्नास हजारांहून अधिक किमतीच्या मालासोबत ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा कागद) लागते. निपाणी ते कोल्हापूर हे अंतर एका दिवसाच्या मुदतीत सहज बसते, कारण दोनशे किलोमीटरपर्यंत एक दिवस मिळतो. ऐन वेळी टेम्पो बदलला तर बिलातला गाडीचा नंबर बदलायला विसरू नये. रस्त्यात गाडी अडते ती बहुतेक याच कारणाने. आणि प्राप्तिकराच्या हिशेबासाठी, एका माणसाला एका दिवसात दहा हजारांहून जास्त रोख दिली तर तो खर्च धरला जात नाही. फेरीवाल्यांकडेही आता यूपीआय असते. त्यावरून पैसे दिले तर मोबाईलमध्येच नोंद राहते.

प्रश्न : दुचाकी, बॅटऱ्या, जुने फ्रीज, रुळाचे तुकडे, असे सगळेच विकायला येते. यांतले काय घ्यावे आणि काय घेऊ नये?
(बेळगाव येथील एक वाचक)

उत्तर : रेल्वेचे काहीही कागदाशिवाय घेऊ नये. लोंढा–मिरज मार्ग आपल्या भागातून जातो आणि फिशप्लेट (रूळ जोडणाऱ्या पट्ट्या), रूळ पकडणाऱ्या क्लिपा, सिग्नलची केबल अधूनमधून विकायला येते. रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायदा, १९६६ इथे फार कडक आहे. माल रेल्वेचा आणि संशयास्पद असल्याचे दिसले, की तो आपल्याकडे कायदेशीरपणे आला हे आपणच सिद्ध करायचे असते. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि खास कारण नसेल तर ती एक वर्षाहून कमी देता येत नाही. रेल्वे आपले भंगार ई-लिलावात विकते. तिथून माल उचलणाऱ्याकडे डिलिव्हरीचा कागद असतोच, तो पाहून त्याची प्रत ठेवावी. हेस्कॉम या वीज वितरण कंपनीच्या तारा आणि ट्रान्सफॉर्मरच्या कॉइलींनाही हेच लागू. वीज कायदा, २००३ च्या कलम १३७ मध्ये चोरीच्या वीजसाहित्याची खरेदी करणाऱ्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे.

जुनी वाहने मोडीत काढण्यासाठी २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत केंद्रे आहेत. गाडी जमा केल्याचे प्रमाणपत्र तिथेच मिळते. आरसी (वाहनाची नोंदणी) रद्द न झालेली दुचाकी आपण तोडली आणि तिचा नंबर उद्या कुठल्या गुन्ह्यात निघाला, तर सांगाडा आपल्या गोदामात असेल. चेसिस नंबर असलेला तुकडा कधीही घेऊ नये.

शिशाच्या बॅटऱ्या २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याकडेच जायला हव्यात. त्या अंगणात फोडून आम्ल ओतून देणे हे जमिनीचे आणि विहिरीचे कायमचे नुकसान आहे, आणि त्या अंगणात आपलीच मुले खेळतात. संगणक, टीव्ही, मोबाईल यांच्यासाठी १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा नियम आहेत. नोंदणी नसताना ते तोडू नयेत. रसायनांची रिकामी पिंपे घातक कचऱ्यात मोडतात. घरगुती गॅसचा सिलिंडर गॅस कंपनीचा असतो, तो विकत घेता येत नाही आणि कटरला जोडताही येत नाही.

बंद वस्तूंची भीती बाळगावी. फ्रीजचा कॉम्प्रेसर, शॉकॲब्सॉर्बर, अग्निशामक नळकांडे, लष्करी सरावाच्या जागेजवळ सापडलेली पुंगळी, यांपैकी काहीही बंद अवस्थेत कटरखाली घेऊ नये; तोफगोळ्यासारखे काही दिसले तर हात न लावता पोलिसांना कळवावे. जड, शिशाच्या आवरणाची वस्तू आणि तिच्यावर किरणोत्सर्गाचे तीन पाकळ्यांचे चिन्ह दिसले तर तिच्यापासून दूर व्हावे. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एका विद्यापीठाने लिलावात विकलेले यंत्र असेच उघडले गेले. आत कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी पदार्थ होता, अनेक जण भाजले आणि एक कामगार दगावला. यंत्र भंगार व्यापाऱ्यांनी रीतसर विकत घेतले होते.

प्रश्न : परवान्याचे अर्ज, नोटिसा, पंचनामे सगळे कन्नडमध्ये असतात. मला कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. सही करावी का? दुकानाची पाटी मराठीत लावता येईल का?
(येळ्ळूर येथील एक वाचक)

उत्तर : पाटीबाबत कर्नाटकात २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीप्रमाणे पाटीवरील साठ टक्के भाग कन्नडमध्ये आणि वरच्या बाजूला असावा लागतो, उरलेल्या भागात मराठी नाव अवश्य लिहावे. पाटीवरून परवाना अडवून घेऊ नये.

अर्ज व तक्रारी यांच्यासाठी राज्यघटनेचा अनुच्छेद ३५० लक्षात ठेवावा. संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क तो प्रत्येकाला देतो, तेव्हा आपले निवेदन मराठीत देता येते आणि ते केवळ भाषेमुळे नाकारता येत नाही. सोबत इंग्रजी किंवा कन्नड अनुवाद जोडला तर काम लवकर होते, म्हणून मी तसा सल्ला देतो. अटकेची वेळ आली, तर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिलेल्या निकालानुसार अटकेची कारणे त्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावी लागतात. आपल्या भागातील मराठी माणसासाठी हा निकाल फार मोलाचा आहे.

पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर सही करण्याची गरज नसते. तशी तरतूद कायद्यातच आहे. पंचनाम्याच्या यादीची प्रत स्वीकारल्याची सही करावी लागली, तर आधी मजकूर मोठ्याने वाचून घ्यावा, वजन आणि नग स्वतःच्या वहीशी ताडून पाहावेत आणि सहीच्या वर आपल्या हाताने मराठीत लिहावे : ‘मजकूर कन्नडमध्ये आहे, मला तोंडी समजावून सांगितला, यादीची प्रत मिळाली.’ खाली तारीख आणि वेळ टाकावी.